सीटीच्या चकत्यांतून उभा राहणारा जबडा

सीटी स्कॅन झालं की रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती एक मोठं पाकीट येतं. त्यात काळ्या फिल्म असतात, टाइप केलेला रिपोर्ट असतो आणि बरेचदा एक सीडी असते. फिल्म डॉक्टर उजेडासमोर धरून पाहतात, रिपोर्ट फायलीला लागतो आणि सीडी पाकिटातच राहते. खरं तर त्या पाकिटातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच असते. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात, तर सीडीवर त्या शरीराचं मिलिमीटरच्या हिशेबात घेतलेलं मोजमाप असतं. त्यातून हाडाचं मॉडेल संगणकावर उभं करता येतं, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येतं, हवं तर प्लास्टिकमध्ये छापून हातात घेता येतं. त्यासाठी लागणारं चांगलं, जगभर वापरात असलेलं सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याला ही माहिती उपयोगाची आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत हिंगोलीचं महाविद्यालय होतं. तिथे दरवर्षी १०० विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. म्हणजे जबड्याचं, कवटीचं, मणक्याचं हाड हातात घेऊन शिकणारी मुलं आता हिंगोलीतच आहेत. दुसरं कारण दुःखद आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू, गुटखा आणि सुपारीची सवय गावोगाव टिकून आहे, आणि तोंडाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. शस्त्रक्रियेसाठी इथला रुग्ण नांदेडला, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा थेट मुंबईला टाटा रुग्णालयात जातो. गाठ हाडापर्यंत पोचली असेल तर खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागतो आणि त्या जागी नवा आधार बसवावा लागतो. तो नीट बसायचा तर त्याच रुग्णाच्या जबड्याचा नेमका आकार आधी कळायला हवा. म्हणून या लेखात खालच्या जबड्याचंच उदाहरण घेऊन सगळ्या पायऱ्या पाहू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. सॉफ्टवेअरला हाड म्हणजे काय हे ठाऊक नसतं, त्याला फक्त आकडे दिसतात. हाड कुठे संपतं आणि मांस कुठे सुरू होतं, ती कड शेवटी माणूस ठरवतो. ज्याला शरीररचना येते त्याच्या हातात हे साधन खरं काम करतं. ज्याला येत नाही त्याच्या हातात ते सुबक दिसणारं चुकीचं मॉडेल देतं.

सीटीचं यंत्र काय मोजतं

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात एका रुग्णाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला. ते यंत्र गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या अभियंत्याने ईएमआय कंपनीत बनवलं होतं. पुढे १९७९ मध्ये त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. यंत्राची मूळ कल्पना अशी: शरीराभोवती फिरत अनेक कोनांतून क्ष-किरण सोडायचे, पलीकडे किती पोचले ते मोजायचं, आणि त्या सगळ्या मोजमापांतून आतल्या प्रत्येक बिंदूने किरण किती अडवले याचा हिशेब मांडायचा.

हा हिशेब ज्या एककात लिहितात त्याला हाउन्सफिल्ड एकक म्हणतात. पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० असे दोन खुंटे ठोकलेले आहेत. चरबी उणे १०० च्या आसपास येते, स्नायू साधारण ४० ते ६० च्या दरम्यान. आतलं जाळीदार हाड काही शेकड्यांत असतं, बाहेरचं घट्ट हाड हजाराच्या पुढे जातं, आणि दातांचं कवच तर त्याहूनही वर. म्हणजे पडद्यावर दिसणारी काळी-पांढरी छटा हा या आकड्यांना दिलेला रंग आहे. काम करायचं ते आकड्यांवर.

सीटीचा एक काप साधारणपणे ५१२ गुणिले ५१२ चौकटींचा असतो. डोक्याच्या स्कॅनमध्ये २५० मिलिमीटर रुंदीचं क्षेत्र घेतलं तर एक चौकट सुमारे अर्ध्या मिलिमीटरची पडते. तिला कापाची जाडी मिळाली की ती छोटी पेटी होते. या पेटीला व्हॉक्सेल म्हणतात आणि प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये एकच आकडा असतो. एका आकड्याला दोन बाइट धरले तर एक काप अर्ध्या एमबीचा, आणि तीनशे कापांचा स्कॅन दीडशे एमबीच्या आसपास. आजच्या साध्या लॅपटॉपला हे ओझं जड नाही.

हे काप डायकॉम नावाच्या प्रमाणित स्वरूपात साठवतात. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि उपकरण उत्पादकांच्या संघटनांनी १९८५ मध्ये पहिलं प्रमाणक काढलं आणि १९९३ मध्ये त्याला डायकॉम हे नाव मिळालं. त्यामुळे यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, फाइल डायकॉम वाचणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. प्रत्येक फायलीत चित्रासोबत माहितीही असते: चौकटीची लांबी-रुंदी, कापाची जागा, रुग्णाची डावी-उजवी बाजू, आणि रुग्णाचं नाव, वय व तारीखसुद्धा. मॉडेल खऱ्या मापाचं होतं ते या माहितीमुळे.

सीडी घेतानाच पाहायच्या गोष्टी

मॉडेल किती चांगलं होणार हे अर्धंअधिक स्कॅन सेंटरमध्येच ठरलेलं असतं. पहिली गोष्ट कापाची जाडी. काकडीच्या जाड चकत्या करून त्या पुन्हा एकावर एक रचल्या तर कडेला पायऱ्या दिसतात, आणि पातळ चकत्या रचल्या तर काकडीचा मूळ बाक परत मिळतो. इथेही तसंच आहे. फिल्मसाठी पाच मिलिमीटरचे काप पुरतात, पण मॉडेलसाठी एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप हवेत. यंत्र मुळात पातळ काप घेतं आणि वाचायला सोपं जावं म्हणून त्यांतून जाड काप तयार करतं. पातळ काप सेंटरच्या संगणकावर कायम ठेवलेले असतीलच असं नाही, म्हणून स्कॅन होतानाच सांगावं: ‘बारीक स्लाइसची पूर्ण सिरीज डायकॉममध्ये द्या.’

दुसरी गोष्ट म्हणजे सीडीवर खरोखर डायकॉम फायली आहेत का, ते पाहणं. कधी कधी नुसत्या जेपेग प्रतिमा दिलेल्या असतात. त्यांत हाउन्सफिल्डचे आकडेही नसतात आणि मापही नसतं. तिसरी गोष्ट, मेंदूच्या स्कॅनमध्ये कधी यंत्राची चौकट तिरकी करतात. तो तिरकेपणा दुरुस्त न करता काप रचले तर डोकंच कललेलं दिसतं. पुढे ज्याची ओळख होईल त्या थ्री-डी स्लायसरसारखं सॉफ्टवेअर हा कल ओळखून सरळ करू शकतं. चौथी गोष्ट दातांत भरलेला धातू. धातूभोवती चांदणीसारख्या पांढऱ्या-काळ्या रेघा फुटतात आणि तिथलं हाड झाकलं जातं.

दंतवैद्यांकडे असणारं सीबीसीटी यंत्र जबड्याची सुंदर बारीक चित्रं देतं, पण त्याचे आकडे हाउन्सफिल्डच्या मोजपट्टीवर विश्वासाने बसत नाहीत. त्या स्कॅनवर काम करताना हाडाची मर्यादा दर वेळी नव्याने पाहून ठरवावी लागते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: मॉडेल करायचं म्हणून कुणाचाही सीटी काढू नये. सीटीमध्ये किरणांचा डोस असतो. उपचारासाठी जो स्कॅन झालाच आहे, त्याच्यातूनच काम करायचं.

दोन मोफत साधनं

पहिलं साधन थ्री-डी स्लायसर. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातली शस्त्रक्रिया नियोजनाची प्रयोगशाळा आणि एमआयटी यांच्या सहकार्यातून १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची सुरुवात झाली. एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून ते उगवलं आणि डॉ. रॉन किकिनिस यांच्या नेतृत्वाखाली वाढलं. त्याचा परवाना इतका मोकळा आहे की त्यावर आधारित उत्पादन विकायलाही आडकाठी नाही.

दुसरं साधन इनव्हेसालियस, आणि त्याची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. ब्राझीलमधल्या कांपिनास शहरात रेनातो आर्चर माहिती तंत्रज्ञान केंद्र ही सरकारी संस्था आहे. तिथे २००१ मध्ये या सॉफ्टवेअरचं काम सुरू झालं. देशातल्या सार्वजनिक रुग्णालयांना परदेशी कंपन्यांचं महागडं सॉफ्टवेअर परवडत नव्हतं. तेव्हा सरकारी पैशाने आपलं सॉफ्टवेअर बनवलं आणि पुढे ते साऱ्या जगासाठी खुलं केलं. नाव ठेवलं आंद्रेयस व्हेसालियस यांच्यावरून. मृतदेहांचं विच्छेदन करून मानवी शरीराची रचना दाखवणारा त्यांचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. जिथे गरज जास्त आणि पैसा कमी, तिथून हे साधन आलं, म्हणून ते साध्या संगणकावर चालतं आणि त्याची मांडणी क्रमाने पुढे नेणारी आहे. नवख्याने सुरुवात यावर करावी. कौशल्य वाढलं की स्लायसरकडे जावं.

दोन्ही सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात, आणि दोन्ही त्रिमितीय चित्रं काढायला व्हीटीके नावाचाच मुक्त संच वापरतात. आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप शिकण्यासाठी पुरेसा आहे. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी काम अडत नाही, आणि रुग्णाची माहिती आपल्या संगणकाबाहेर जात नाही.

पायरी पहिली: स्कॅन उघडणं

सीडीवरचं सगळं फोल्डर आधी संगणकावर उतरवून घ्यावं आणि मग सॉफ्टवेअरला दाखवावं. यादीत एकाच रुग्णाच्या अनेक सिरीज दिसतील. ज्या सिरीजमध्ये कापांची संख्या सर्वांत जास्त आणि जाडी सर्वांत कमी, ती सहसा आपल्या कामाची. हाड तीक्ष्ण दिसावं म्हणून वेगळी प्रक्रिया केलेली सिरीजही असते. डोळ्यांना ती छान वाटते, पण तिच्यात बारीक दाणेदारपणा असतो आणि मॉडेलचा पृष्ठभाग खडबडीत येतो. मऊ ऊतींसाठीची पातळ सिरीज मिळाली तर ती आधी वापरून पाहावी.

स्लायसरमध्ये आता तीन खिडक्यांत तीन दिशांचे काप दिसतात. लाल पट्टीच्या खिडकीत आडवे, पिवळ्या पट्टीच्या खिडकीत बाजूचे आणि हिरव्या पट्टीच्या खिडकीत समोरचे. इथे एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. आडव्या आणि समोरच्या कापांत रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे दिसते, जणू रुग्ण आपल्या समोर आहे. ‘आर’ आणि ‘एल’ ही अक्षरं पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शस्त्रक्रियेत डावं-उजवं उलटलं तर बाकी सगळी अचूकता वाया जाते.

पायरी दुसरी: थ्रेशोल्ड

आता सॉफ्टवेअरला सांगायचं, या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत जे जे व्हॉक्सेल आहेत ते निवड. ही मर्यादा म्हणजेच थ्रेशोल्ड. इनव्हेसालियसमध्ये हाडासाठी आधीच ठरवलेली मर्यादा २२६ ते ३०७१ अशी आहे. ती निवडली की प्रत्येक कापावर हाडाच्या जागी रंग भरला जातो आणि क्षणभर वाटतं, काम झालं.

इथेच थांबून पाहायला हवं. व्हॉक्सेल ही छोटी पेटी आहे, आणि हाडाची कड तिच्या मधूनच जात असेल तर त्या पेटीत अर्धं हाड आणि अर्धं मांस असतं. यंत्र दोन्हीची सरासरी लिहितं. त्यामुळे कडेवरच्या पेट्यांचे आकडे अधलेमधले असतात. मर्यादा खाली आणली तर त्या सगळ्या पेट्या हाडात जमा होतात आणि जबडा फुगतो. मर्यादा वर नेली तर त्या गळतात आणि जबडा रोडावतो. पातळ हाडांचं तर आणखी अवघड. डोळ्याच्या खोबणीचा तळ आणि गालाच्या पोकळीची भिंत काही ठिकाणी व्हॉक्सेलपेक्षाही पातळ असते. तिथला आकडा हाडाच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही आणि मॉडेलमध्ये भोक पडतं. ते भोक रुग्णाच्या चेहऱ्यात नसतं, फक्त आपल्या निवडीत असतं. वयस्क, दात गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या रुग्णात हेच जबड्याच्या बाबतीतही घडू शकतं.

म्हणून २२६ हा आकडा सुरुवातीचा समजावा. मर्यादा थोडी वर-खाली करत तिन्ही खिडक्यांतल्या कडा पाहाव्यात आणि जिथे हाडाची बाहेरची रेघ मूळ चित्रावर नेमकी बसते तिथे थांबावं. ज्याने जबड्याचं हाड हातात धरून पाहिलं आहे त्याला ही जागा लवकर सापडते.

पायरी तिसरी: जबडा कवटीपासून सोडवणं

थ्रेशोल्डने निवडलेल्या हाडात कवटी, मान, वरचा जबडा, खालचा जबडा असं सगळं एकत्र असतं. खालचा जबडा सुटा काढायचा तर तो दोन ठिकाणी अडकलेला सापडतो. दातांवर दात टेकलेले असतील तर वरचे-खालचे दात एकजीव होतात. आणि कानापुढच्या सांध्यात जबड्याचा गोल माथा कवटीच्या खाचेत बसतो. तिथली फट इतकी अरुंद असते की पेट्या एकमेकींना चिकटतात.

स्लायसरच्या सेगमेंट एडिटरमध्ये यासाठी हत्यारं आहेत. ‘सिझर्स’ने दातांच्या मधून छेद घ्यायचा. सांध्याजवळ मात्र कात्री चालवू नये. तिथे काप मोठा करून, एकेका कापावर ‘इरेज’ने फट मोकळी करायची. वेळ लागतो, लागू द्यावा. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की ‘आयलंड्स’ हे हत्यार घेऊन जबड्यावर टिचकी मारली की बाकी सगळं बाजूला पडतं आणि जबडा एकटा उरतो.

दुसरा मार्ग आहे ‘ग्रो फ्रॉम सीड्स’. जबड्यावर एका रंगाच्या काही रेघा ओढायच्या, कवटीवर दुसऱ्या रंगाच्या, आजूबाजूच्या भागावर तिसऱ्या. सॉफ्टवेअर त्या रेघांपासून रंग पसरवत नेतं आणि सीमा सुचवतं. चूक दिसली तिथे आणखी एक रेघ ओढली की सीमा सरकते. मऊ ऊती आणि गाठीसाठी हा मार्ग अधिक उपयोगी पडतो, कारण तिथे नुसत्या आकड्याने भाग वेगळे पडत नाहीत.

धातूच्या रेघांनी झाकलेल्या दातांपाशी कुठलंच हत्यार पुरत नाही. तिथे हाताने रंगवावं, आणि तो भाग अंदाजाने भरला आहे अशी नोंद मॉडेलसोबत ठेवावी.

पायरी चौथी: पेट्यांचा पृष्ठभाग कसा होतो

आतापर्यंत आपल्याकडे आहे तो निवडलेल्या पेट्यांचा ढीग. त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग करण्याची रीत जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रातल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली. तिचं नाव मार्चिंग क्यूब्ज. शेजारच्या आठ व्हॉक्सेलचे मध्य हे एका घनाचे आठ कोपरे धरायचे. प्रत्येक कोपरा हाडाच्या आत आहे की बाहेर, एवढंच विचारायचं. आठ कोपऱ्यांची दोन-दोन उत्तरं म्हणजे एकूण २५६ शक्यता. फिरवून आणि उलटवून सारख्या होणाऱ्या शक्यता एकत्र केल्या तर मूळ प्रकार फक्त १५ उरतात. प्रत्येक प्रकारात त्रिकोण कुठे बसवायचे याची यादी आधीच तयार असते. सॉफ्टवेअर एका घनावरून दुसऱ्या घनावर सरकत जातं, त्रिकोण टाकत जातं, आणि शेवटी लाखो त्रिकोणांची सलग जाळी तयार होते.

या रीतीवर अमेरिकेत पेटंट होतं आणि ते २००५ मध्ये संपलं. तोवर मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ती जपून वापरावी लागत होती. आज ती सर्वांची आहे, आणि तिचे पुढचे वेगवान अवतारही मुक्त मिळतात.

या टप्प्यावर ‘स्मूदिंग’चा मोह होतो. पायऱ्यापायऱ्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत केला की मॉडेल देखणं दिसतं. पण प्रत्येक वेळी कडा थोड्या घासल्या जातात, टोकं बोथट होतात, बारीक छिद्रं बुजतात. खालच्या जबड्यात हनुवटीच्या बाजूला नस बाहेर पडण्याचं एक छिद्र असतं. ते बुजलं तर शल्यचिकित्सकाची एक महत्त्वाची खूण गेली. म्हणून थोडंच घासावं.

पायरी पाचवी: पडताळणी

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि सगळ्यात जास्त गरजेची आहे. तयार मॉडेलची बाह्यरेषा मूळ कापांवर चढवून दाखवण्याची सोय स्लायसरमध्ये आहे. वरपासून खालपर्यंत कापांवरून जात, रेषा हाडाच्या कडेवर चालते आहे का ते पाहायचं. जिथे आत शिरली तिथे हाड कमी झालं, जिथे बाहेर गेली तिथे वाढलं. मग दोन ठळक खुणा निवडून त्यांच्यातलं अंतर मूळ कापांवर मोजायचं आणि मॉडेलवरही मोजायचं.

मॉडेल एसटीएल नावाच्या फायलीत बाहेर काढतात. या फायलीत त्रिकोणांची माहिती असते, एकक लिहिलेलं नसतं. छपाईचं सॉफ्टवेअर ते आकडे मिलिमीटर धरतं. म्हणून छापून झाल्यावर तेच अंतर व्हर्नियर कॅलिपरने तिसऱ्यांदा मोजायचं. तिन्ही आकडे जुळले तरच मॉडेल विश्वासाचं.

छपाई आणि तिचा उपयोग

एसटीएल फाइल क्युरा किंवा प्रुसास्लायसर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घातली की ती पुन्हा आडव्या थरांत कापली जाते. साध्या प्रिंटरमध्ये पीएलए प्लास्टिकची तार २०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते आणि साधारण ०.२ मिलिमीटरचे थर एकावर एक चढतात. खालचा जबडा छापायला काही तास लागतात. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, तर शस्त्रक्रियेची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करतात. त्यामुळे पीएलएचं मॉडेल शस्त्रक्रियेच्या निर्जंतुक क्षेत्रात नेता येत नाही.

तरीही त्याचा उपयोग मोठा आहे. जबड्याचा तुकडा काढल्यावर उरलेली दोन टोकं टायटॅनियमच्या पट्टीने जोडतात. ती पट्टी जबड्याच्या बाकानुसार वाकवावी लागते, आणि रुग्ण भुलीखाली असताना हे काम पुन्हापुन्हा लावून-काढून करणं म्हणजे मोलाचा वेळ जाणं. मॉडेल हाती असेल तर पट्टी आदल्या दिवशी टेबलावर शांतपणे वाकवता येते आणि मग फक्त पट्टी निर्जंतुक करून आत नेता येते. गाठीमुळे एका बाजूचा आकार बिघडला असेल तर निरोगी बाजूची आरशातली प्रत काढून बिघडलेल्या बाजूवर बसवता येते, आणि पट्टी त्या दुरुस्त आकारावर वाकवता येते.

पायातल्या फिब्युला हाडाचा तुकडा रक्तवाहिन्यांसह घेऊन जबडा पुन्हा बांधण्याची शस्त्रक्रिया असते. त्यात हाड कुठे आणि कोणत्या कोनात कापायचं याचं नियोजन करणारी बोनरिकन्स्ट्रक्शनप्लॅनर नावाची जोडणी स्लायसरमध्ये मोफत मिळते. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमुळे महाराष्ट्रात अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. अशा चेहऱ्याची पुनर्रचना करताना पोकळीचा नेमका आकार हीच पहिली गरज असते, आणि तो आकार याच पायऱ्यांनी मिळतो.

शिकवण्यातला उपयोग वेगळाच. खऱ्या हाडांचे संच मिळवणं महाविद्यालयांना कठीण जातं, आणि ती हाडं बहुधा निरोगी नमुन्यांची असतात. छापलेल्या मॉडेलमध्ये अपघातात तुटलेला जबडा, वाकलेला कणा, जन्मतः दुभंगलेलं टाळू असं काहीही विद्यार्थ्यांच्या हाती देता येतं. आणि रुग्णाला, त्याच्या घरच्यांना ‘हा एवढा भाग काढणार, इथे पट्टी बसणार’ हे मॉडेल हातात देऊन सांगितलं की संमतीच्या कागदावरची सही समजून केलेली असते.

आपोआप होतं, तरीही

आता हे काम यंत्रबुद्धीनेही होतं. स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठ रुग्णालयातल्या संशोधकांनी टोटलसेगमेंटेटर हे मुक्त साधन काढलं आणि २०२३ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. १२०४ सीटी स्कॅनवर तयार केलेलं हे साधन तेव्हा शरीरातले १०४ भाग वेगळे रंगवून देत होतं. दातांसाठी डेंटलसेगमेंटेटर आहे. ते खालचा जबडा, वरचा जबडा व कवटी, दोन्हीकडचे दात आणि खालच्या जबड्यातली नसेची नळी वेगवेगळी काढतं. ही दोन्ही साधनं स्लायसरमध्ये जोडता येतात. सांध्याची फट मोकळी करण्यातला बराचसा वेळ त्यांच्यामुळे वाचतो. पण गाठीने खाल्लेलं हाड, आधी बसवलेली पट्टी, तुटून सरकलेला तुकडा अशा नेहमीपेक्षा वेगळ्या स्थितीत ती अडखळतात, आणि अडखळली तरी तितक्याच आत्मविश्वासाने रंग भरतात. म्हणून पाचवी पायरी इथे दुप्पट गरजेची.

जबाबदारीची बाजू स्पष्ट असावी. थ्री-डी स्लायसर संशोधनासाठी आहे आणि त्याला वैद्यकीय वापराची अधिकृत मान्यता नाही, हे त्याचे निर्मातेच सांगतात. भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि उपचारासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअरही त्यांच्या कक्षेत येतं. मॉडेल शल्यचिकित्सकाच्या विचाराला मदत करतं. निर्णय आणि त्याची जबाबदारी त्यांचीच. रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टची जागा ते घेत नाही.

रुग्णाच्या खासगीपणाचंही तसंच. डायकॉम फायलीतलं नाव आणि क्रमांक काढून टाकण्याची सोय आहे, ती वापरावी. मात्र तेवढ्याने भागत नाही. डोक्याच्या सीटीवर थ्रेशोल्ड त्वचेपर्यंत खाली आणला की रुग्णाचा चेहरा पडद्यावर उभा राहतो, ओळखीचा माणूस ओळखेल इतका. म्हणून संमतीशिवाय असा स्कॅन व्हॉट्सॲपवर पाठवू नये आणि कुठल्याही संकेतस्थळावर चढवू नये.

सुरुवात कुठून करावी

शिकण्यासाठी रुग्णाचा स्कॅन लागत नाही. स्लायसरमधूनच नमुन्याचे स्कॅन उतरवून घेता येतात. त्यांत छातीचा सीटी आहे, डोक्याचा एमआरआय आहे आणि दातांच्या शस्त्रक्रियेआधीचा व नंतरचा सीबीसीटीही आहे. छातीच्या सीटीवर बरगड्या वेगळ्या काढणं हा पहिला धडा. सीबीसीटीवर जबडा सोडवणं हा दुसरा. शरीररचनेचं पुस्तक शेजारी उघडं असावं.

महाराष्ट्रात पाठबळाच्या जागा आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये बेटिक हे केंद्र सुरू झालं. डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून वैद्यकीय उपकरणं घडवतात असं हे केंद्र, आणि त्याच्या शाखा पुण्याच्या सीओईपीत व नागपूरच्या व्हीएनआयटीत निघाल्या. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत आहेत. स्लायसरच्या मेनूचं भाषांतर जगभरचे स्वयंसेवक करतात आणि त्यात कुणालाही सामील होता येतं. ते मराठीत आणायला परवानगीची गरज नाही, फक्त शरीररचना आणि भाषा दोन्ही जाणणारी माणसं हवीत. अशी माणसं घडवायची जागा आता हिंगोलीत आहे.

महाविद्यालयात शरीररचना विभागाच्या एका कोपऱ्यात एक संगणक, शक्य झालं तर एक साधा प्रिंटर, आणि रेडिओलॉजी, दंत व शल्यचिकित्सेतला एकेक शिक्षक एवढ्यावर हे काम उभं राहू शकतं. ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया नांदेडला किंवा संभाजीनगरला व्हायची आहे, त्याचा बारीक कापांचा स्कॅन जपून ठेवणं, त्यातून जबडा सोडवणं, मापं पडताळून फाइल शल्यचिकित्सकाला वेळेत पोचवणं, हे हिंगोलीत बसून करता येण्यासारखं आहे.

मॉडेल पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, याची कसोटी साधी आहे. शिक्षकांनी मॉडेलच्या कुठल्याही कडेवर बोट ठेवून विचारावं, ‘ही कड इथेच का?’ विद्यार्थ्याने मूळ काप उघडून, आकडा दाखवून, हाडाचं नाव सांगून उत्तर द्यावं. ‘सॉफ्टवेअरने काढली’ हे उत्तर आलं, तर मॉडेल अजून अपुरं आहे.